सिमेंटची तीन अळंबी

बिबवेवाडीत एका उतारावरच्या गल्लीच्या तळाशी सिमेंटची तीन अळंबी आहेत. लाल रंगाची, वर पांढरे ठिपके. मोठ्यावर एखादं मूल बसू शकेल, लहानावर मांजर. प्रत्यक्षात कुणीही बसत नाही, कारण शेजारच्या उघड्या गटारामुळे तिथे नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवत नाही. शी! नुसतं लिहितानाही तो वास आठवतो.

मला त्या अळंब्यांची इतकी किळस आहे की भाजीवाल्याकडे खरी अळंबी दिसली तरी मी पलीकडच्या गाडीवर जाते. आणि ती उभी राहिली माझ्यामुळे. हे मला कुणी विचारलेलं नाही, पण न विचारता सांगायची आमच्या नारायण पेठेत जुनीच पद्धत आहे.

मी इंजिनिअर. उभी हयात एका सरकारी खात्यात पाण्याची कामं केली. कोणतं खातं ते सांगत नाही. आतून सगळी सारखीच असतात. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मी गटारं हिंडायला लागले. वस्तीत जायचं, लोकांना बरोबर घेऊन त्यांच्या सांडपाण्याचा आराखडा करायचा, आणि त्यासाठी सरकारी पैसा कुठून मिळेल ते शोधून अर्ज लिहून द्यायचा, हा माझा नवा उद्योग. फी नाही, चहा मात्र घ्यायचे. यजमान म्हणत, "जगाची गटारं बघून झाली की आपल्या मोरीचा नळ बघ, गेले सहा महिने गळतोय."

त्या गल्लीत मला बोलावलं ते मावशींनी. मावशी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्यांच्या खानावळीत जेवणारी सगळी पोरं त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. त्या मूळच्या यवतमाळकडच्या. नवरा वारल्यावर पुण्यातच राहिल्या आणि घरातच खानावळ काढली. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, आणि रविवारी पाटोडीचा रस्सा. वऱ्हाडातून शिकायला आलेली मुलं, कंपनीतले कामगार, दोनतीन आयटीवाले, असे सगळे त्यांच्याकडे जेवत. त्या खानावळीवर त्यांची मुलगी नर्सिंग शिकत होती. दारावर पंचशील ध्वज, आत घासूनपुसून ठेवलेली भांडी. असं स्वच्छ स्वयंपाकघर माझंही नाही, हे मी यजमानांसमोर कधी कबूल करणार नाही.

पण घर गल्लीच्या अगदी शेवटी. वरच्या सगळ्या घरांच्या मोऱ्यांचं पाणी एका उघड्या गटारातून उताराने खाली यायचं आणि मावशींच्या घरामागून ओढ्यात जायचं. जोराचा पाऊस झाला की ओढा तुडुंब, गटार उलटं फुगायचं, आणि गल्लीभराची घाण मावशींच्या घरात. आदल्या वर्षी दोनदा असं झालं होतं.

"ताई," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पीठ गेलं, तांदूळ गेला, त्याचं काई नाई. पंधरा पोट्टे गेले जेवणारे. आता आणखी एक डाव पाणी आलं तं माई खानावळ बंद. जिथं अन्न शिजते तिथं असली घाण आल्यावर कोण जेवंल, बाप्पा?"

इतकं सरळ मागणं होतं. त्या घरात पाणी शिरायला नको. बाकी पर्यावरण वगैरे शब्द माझे.

मी कामाला लागले. नकाशा कागदावर काढला की बायका गप्प बसतात आणि एखादा चष्मेवाला काका बोलतो, हा माझा अनुभव. म्हणून मी जमिनीवर काढायला लावते. मावशींच्या अंगणात बायकांनी रांगोळीने घरं काढली, कपड्यांना घालायच्या निळीने पाणी दाखवलं, चेंबर आहेत तिथे गहू ठेवले. तासाभरात मला कळलं की गल्लीतले दोन चेंबर कायम तुंबलेले असतात, आणि कुणाच्या सासूबाई खरकटं सरळ गटारात ओततात. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यावर जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही, पण योजना म्हणतात ती अशीच तयार होते.

ठरलं ते असं. ओढ्याच्या आधी, गल्लीच्या सगळ्यात सखल जागी कमरेइतका खोल खड्डा. त्यात खडी आणि वाळू, वर कर्दळ आणि पाणकणीस. रोजचं सांडपाणी त्या मुळांतून गाळून ओढ्यात जाणार, आणि जोराचा पाऊस आला तर वाढीव पाणी त्या खोलगट वाफ्यात थांबणार, घरात नाही. वीज नको, पंप नको. काम साधं आणि चोख होतं.

फक्त ती सखल जागा म्हणजे मावशींची मागची शेड होती. पत्र्याची. तिथेच त्यांची मोठी शेगडी, तिथेच पोरांच्या पंगती. दुसरी जागा नव्हती. मी टेप घेऊन तीनदा मोजलं.

मावशींनी शेडचा खांब धरून एकदा हलवून बघितला. मग म्हणाल्या, "शेड देतो मी. सैपाक पुढच्या खोलीत करीन, पोट्ट्यायले डबे देईन. पण मंग घरात पाणी येनार नाई ना?"

"नाही येणार," मी म्हणाले. "मी सांगते ना!"

हे 'मी सांगते ना' मला पुढे फार महागात पडलं. म्हणजे मला नाही, त्यांना.

आता पैसा. खड्डा लोक श्रमदानाने खणणार होते, पण खडी, वाळू, पाइप सरकारी निधीतून यायला हवे होते. मी कचेरीत गेले. तिथले साहेब सज्जन होते. सज्जन म्हणजे उठून खुर्ची देणारे. खिडकीच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर, टेबलावर गार चहावर साय, आणि त्या सायीत एक माशी. साहेबांनी ती बोटाने काढली आणि चहा प्यायले. माझी चौथी फेरी होती म्हणून मी तेही पाहून घेतलं.

"मॅडम, प्रस्ताव उत्तमच आहे," ते म्हणाले. "पण सांडपाण्याच्या लेखाशीर्षाखाली यंदा दमडी नाही. सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली आहे. खर्चायचाच आहे. आपण वरचं नाव बदला, काम तेच करू."

अशा वेळी भल्या माणसाने उठून यावं. पण मी खात्यात मुरलेली. आम्ही उभ्या नोकरीत हेच केलं होतं. ज्या शीर्षात पैसे असतील त्या शीर्षाखाली काम बसवायचं, यालाच आमच्याकडे हुशारी म्हणत. असं बसवता येत नाही तो इंजिनिअर बावळट. मी तिथल्या तिथे पेन काढलं, माझ्या हातानं वर लिहिलं, 'ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेचे सुशोभीकरण', खाली सही केली, आणि घरी येऊन यजमानांना सांगितलं, "काम फत्ते!" त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की येताना चितळ्यांच्या पेढ्यांचा पाव किलोचा पुडाही आणला.

गल्लीतले लोक तर माझ्यावर जीव टाकायला लागले. मावशींनी शेड स्वतः उतरवली. चार रविवार सगळ्यांनी मिळून खड्डा खणला. मार्केट यार्डात हमाली करणारे, कंपनीत उभ्या उभ्या पाय सुजलेले, सुट्टीच्या दिवशी कुदळ घेऊन येत. खाली काळा चिखल लागला. त्यात शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, कुणाची तरी दातांची कवळी. ती कवळी हातात धरून एकजण गल्लीभर विचारत फिरला. कुणी आपली म्हणायला तयार नव्हतं. मावशींनी चारही रविवारी सगळ्यांना पिठलं-भाकरी घातली आणि एकदाही पैशाचं नाव काढलं नाही.

मग माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. दोन्ही बदलावे लागले. दोन महिने मी नारायण पेठेत पलंगावर, आणि कंत्राटदाराचं काम तिकडे सुरू. साहेबांचा मोबाइलवर निरोप यायचा, 'काम प्रगतिपथावर आहे.' मी उत्तरादाखल अंगठा पाठवायचे.

एके सकाळी मावशींचा फोन आला. मागे ट्रकचा आवाज, माणसांचा गलका.

"ताई, हे आपल्या खड्ड्यात ट्रकनं राडा टाकून राह्यले! पडलेल्या भिंतीचा माल हाय सगळा. लोकं ट्रकसमोर उभे झाले. अडवू काय?"

मी व्यायाम करत होते. फिजिओथेरपीची मुलगी गुडघा वाकवत होती आणि मी कळवळत होते. मी म्हणाले, "अहो मावशी, खालचा थर असेल तो. आधी भर घालतात, मग त्यावर खडी येते. तुम्हाला त्यातलं कळत नाही, ट्रक अडवू नका. चांगलं चाललेलं काम थांबेल."

"नक्की ना, ताई?"

"नक्की. मी सांगते ना!"

फोन ठेवायच्या आधी मला ऐकू आलं, त्या लोकांना सांगत होत्या, "सरका रे बाजूला. ताई म्हणते, बरोबर हाय."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही.

लोकार्पणाच्या दिवशी मी काठी टेकत रिक्षातून उतरले. मांडव, लाउडस्पीकर, लाल गालिचा. आणि वाफ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक! पिवळे आणि करडे, नक्षी करून बसवलेले. त्यावर दोन बाक, रंगीत दिव्यांचा खांब, आणि ही तीन अळंबी. कर्दळ नाही, खडी नाही, खड्डा नाही. कमरेइतका खोल खड्डा राड्याने भरून वर आणखी चढवलं होतं. आता ती जागा मावशींच्या उंबऱ्यापेक्षा वीतभर उंच झाली होती. म्हणजे पूर्वी पाणी वाट शोधत शोधत घरात यायचं, आता ते थेट येणार. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. मोरीत तांब्या उलटा केला तरी कळतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साहेबांकडे निघाले. तेवढ्यात स्पीकरवरून माझंच नाव पुकारलं गेलं. कुणीतरी मला दंडाला धरून वर नेलं. उद्घाटनाला आलेल्या माननीय नगरसेवकांनी माझ्या हातात गुच्छ दिला. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, इकडे बघा." आणि मी बघितलं. मी, जिचं तोंड कुणाच्या बापाला बंद करता आलं नाही, ती गुच्छ घेऊन कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिले. या एका गोष्टीची मला अळंब्यांपेक्षा जास्त शिसारी येते.

जागा दिली म्हणून मावशींचाही सत्कार झाला. शाल आणि नारळ. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि मांडवातल्या गर्दीत मला शोधत राहिल्या. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी आवाज चढवला. "अहो, वाफा कुठे आहे? आराखडा जोडला होता मी!"

साहेबांनी फाइल काढून माझ्याकडे फिरवली. "मॅडम, शीर्ष आपल्याच अक्षरात आहे. सुशोभीकरणात काय बसतं त्याची आमच्याकडे दरसूची असते. पेव्हर बसतात, बाक बसतात, शिल्पं बसतात. पाणकणीस बसत नाही हो. मी एकदा कंत्राटदाराला म्हटलंही, पण बिल कसं निघणार?"

"मग तुम्ही 'काम तेच करू' असं कशाला म्हणालात?"

"तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. आणि वाईट हे की ते खरं बोलत होते. मला चहा हवा का, असंही विचारलं. चोराच्या मनात चांदणं असतं, या माणसाच्या मनात काहीच नव्हतं, फक्त फाइल होती. आणि त्या फाइलवर सही माझी.

सप्टेंबरात एका दुपारी दीड तास पाऊस कोसळला. मावशींचा फोन आला नाही. त्याआधी बारीकसारीक गोष्टीला येणारा फोन त्या दिवशी आला नाही, म्हणूनच मी गेले.

पेव्हरवरून पाणी चादरीसारखं घसरत होतं आणि मावशींच्या मागच्या दारातून आत जात होतं. आत गुडघ्याच्या खालपर्यंत काळं पाणी. त्यावर भाताची शितं, पाव, कुणाच्या न्हाणीतला केसांचा पुंजका, लहान मुलाचं वापरलेलं डायपर फुगून तरंगत होतं आणि दर वेळी जाऊन शेगडीच्या पायाला अडकत होतं. मळलेल्या कणकेची परात उलटी झालेली. मी दाराबाहेर जाऊन उलटी केली, आणि तोंड पुसताना समोर ती ठिपक्यांची अळंबी, पावसाने धुऊन लख्ख. त्यांच्या बुडाला थेंबभर घाण नव्हती. कंत्राटदाराने उंची मात्र बरोबर साधली होती.

"बसा ताई, पाय दुखंल," मावशी म्हणाल्या. बसायला जागा नव्हती. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या पुन्हा खराट्याने पाणी लोटायला लागल्या.

पंधरा दिवसांत पोरं पांगली. आयटीवाले आधी, कारण त्यांना घरपोच मागवता येतं. मग कामगार. शेवटी चार विद्यार्थी उरले होते; ते लाजेने डबे न्यायचे आणि अर्धे भरलेले परत आणायचे. मावशींनी त्यांना स्वतःच सांगितलं, दुसरीकडे बघा रे. शेगडी विकली. आता त्या दुसऱ्याच्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. मुलीचं शिक्षण थांबलेलं नाही, पण ती शिकता शिकता एका दवाखान्यात रात्रपाळी करते. हे मला गल्लीतून कळलं, मावशींनी सांगितलं नाही.

शेगडी नेली त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. पिशवीत नवा अर्ज होता. पेव्हर उखडून वाफा करण्याचा, आणि या वेळी शीर्ष खरं. पैसे असोत वा नसोत. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. बाधित घरमालकाची सही लागत होती.

मावशींनी अर्ज वाचला नाही. घडी करून माझ्या पिशवीत परत ठेवला, अगदी नीट, कोपरा दुमडू न देता.

"तुमी करा ताई. चांगलंच असंल. पण मी आता कुठं सही नाई करत."

खिडकीतून लोकार्पणाची काळ्या ग्रॅनाइटची पाटी दिसत होती. वर माननीयांचं नाव, मग साहेबांचं, आणि सगळ्यात खाली 'संकल्पना व मार्गदर्शन' असं लिहून माझं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मी म्हणाले, "मावशी, निदान ते नाव तरी काढून टाकते. कसब्यात पाथरवट आहे ओळखीचा, उद्याच आणते त्याला. मला बघवत नाही ते."

शेगडीच्या जागी फरशीवर काळा गोल डाग राहिला होता. मावशी खाली बसून तो घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काहून?" त्या म्हणाल्या. "राहू द्या ना. कोनं केलं ते दिसू द्या लोकायले."